फादरीण

सोमवार, ४ तारीख

आधीच सांगते, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होणार. आणि मी एका बोटानं टाईप करते, त्यामुळे एक ओळ होईपर्यंत चहा गार होतो. जो कोण वाचेल त्यानं माफ करावं. पोटफोड्या श तर सापडतच नव्हता. शेवटी माझ्या धाकट्या भावानं, टिल्लूनं, सगळी बटणं एकदम दाबून काढून दिला. ष ष ष ष. हा घ्या.

हा कॉम्प्युटर चर्चच्या ऑफिसातला आहे. आमच्या कारकून आजोबांना आता दिसत नाही म्हणून ते घरी बसले, आणि मी शाळा सोडून घरीच. तेव्हा बाबा म्हणाले, तू बस. रोज काहीतरी लिही, हात बसेल. मी म्हटलं काय लिहू? म्हणाले, काहीही. मी वाचणार नाही.

तर शाळा का सोडली ते लिहिते, एकदाच. माझे बाबा फादर आहेत. म्हणजे चर्चमधले फादर. आम्ही कॅथलिकच, पण मूठभर, आणि आमची पद्धत वेगळी. मोठ्या चर्चवाल्यांचे फादर लग्न करत नाहीत. आमच्यात आधी लग्न आणि मग फादर, असं पहिल्यापासून चालतं आणि वरच्यांची त्याला परवानगी आहे. फादरच्या बायकोला आमच्यात फादरीण म्हणतात. हे आम्हाला इतकं साधं वाटतं की नववीत मी वर्गात सहज बोलून गेले. वर्गात मोठ्या चर्चच्याच मुली जास्त. त्या दिवसापासून मी दारात दिसले की कुणीतरी म्हणायचं, "आलं बघा फादरचं पाप." आधी मी उत्तर द्यायचं बंद केलं, मग हजेरीला हो म्हणायचं बंद केलं, मग जायचंच.

आमचे स्वतःचे बिशप आहेत. त्यांना सगळे थोरले म्हणतात. मोठ्या धर्मप्रांतात म्हणे दोनशे फादर आहेत. आमचा धर्मप्रांत म्हणजे हे चर्च, हे ऑफिस, ऑफिसच्या मागे थोरल्यांची खोली, वर आमच्या दोन खोल्या, आणि बाबा. संपला धर्मप्रांत. बोट दुखलं.

बुधवार, ६

घड्याळवाले काका आले होते. ते चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष. बाजारात घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचत नाहीत. आमच्यातली म्हातारी माणसं बायकोला नावानं बोलवत नाहीत, 'घर' म्हणतात. काका म्हणाले, "आमचं घर परवापासून खोकतंय."

टिल्लू म्हणाला, "घर कसं खोकेल?"

"खोकतं, ओरडतं, आणि रागावलं की भाजीत मीठ टाकायला विसरतं."

आई जिन्यावरून म्हणाली, "थांबा, सांगते काकूंना."

"नको हो फादरीणबाई, मला त्याच घरात राहायचंय."

आई खूप हसली. ती हसली की पदर तोंडाला लावते आणि तरी आवाज येतोच.

शनिवार, ९

थोरले गेले. दुपारी आई त्यांची नखं कापत होती. एका हाताची झाली होती. मी बादली घेऊन आले तर आई नुसती बसली होती, त्यांचा हात हातात धरून. मला म्हणाली, बाबांना बोलव. मी वळल्यावर परत नेलकटरचा आवाज आला. दुसऱ्या हाताचीही तिनं कापली.

मंगळवार, १२

काल थोरल्यांना पुरलं. बाबा एकटेच सगळं गायले. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, नुसती बोलत नाहीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत गातात, तीही आमच्या जुन्या भाषेत. बाबांना सगळी पाठ आहे. त्यांच्यानंतर कुणालाच नाही.

आज मंडळाची सगळी माणसं ऑफिसात बसली होती. मी कोपऱ्यात टाईप करायचं नाटक करत होते. नवीन बिशप सध्या नाही, असं वरून कळलंय. तोवर आम्ही मोठ्या धर्मप्रांताच्या हाताखाली. काका म्हणाले, "तोवर म्हणजे कायमचं. आता आपल्याला गिळणार. आणि पहिला घास कुठला घेणार ते माहितीये ना?"

सगळ्यांनी वर बघितलं. वर आई कपडे आपटत होती.

ती जुनी गोष्ट आमच्यात प्रत्येकाला पाठ आहे. काकांच्या आजोबांच्या काळात, कुठेतरी लांब, आपल्यासारख्याच लोकांना मोठ्यांच्या हाताखाली घातलं आणि तिथल्या फादरला सांगितलं, बायको ठेव नाहीतर वेदी ठेव. त्यानं वेदी ठेवली. बायको नदीपलीकडे जाऊन राहिली आणि रविवारी पलीकडच्या काठावर येऊन उभी राहायची, गाणं ऐकायला. खरं खोटं कुणाला माहीत. मी लहानपणी आईला विचारलेलं, नदी किती मोठी होती? आई म्हणाली, असली गोष्ट सांगणाऱ्याला विचार, मला नको.

शुक्रवार, १५

फोन वाजला की मी उचलत नाही, बाहेर निघून जाते. आज ऑफिसात मी एकटीच होते. वाजतच राहिला. उचलला.

मोठ्या धर्मप्रांताच्या ऑफिसातून होता. ते म्हणाले, पाहणीसाठी आमचे एक फादर येतायत, पंचवीसला. राहतील एक दिवस. त्याच्या आत घर मोकळं करून ठेवा. आणि फार माणसं नकोत, फादर एकटेच असले तर बरं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, नक्की कळलं ना? मी परत हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लगेच जसंच्या तसं टाईप केलं आणि छापून बाबांना दिलं. इतकं न अडखळता मी पहिल्यांदाच फोनवर बोलले, मला वाटलं बाबा शाबास म्हणतील.

काका बाबांपाशीच होते. त्यांनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. घर मोकळं करून ठेवा. फादर एकटेच असले तर बरं. मग चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. पुसतच राहिले.

"बोललो नव्हतो?" ते म्हणाले. "घर मोकळं करा म्हणे. किती सभ्य भाषा आहे बघा."

मला आधी कळलंच नाही. मग काकांनी जिन्याकडे बघितलं तेव्हा कळलं. आई तिथं उभी होती, भांडी घासता घासता आलेली, हाताला साबण.

मी म्हटलं, "परत फोन करून विचारू का?" मी, मी म्हटलं हे.

बाबा म्हणाले, "नको. मोठ्या माणसांना तीच गोष्ट दोनदा विचारायची नसते."

आई बाबांकडे बघत राहिली. बाबा कागदाची घडी घालत होते. घडीची घडी, तिची घडी, बिस्किटाएवढी होईपर्यंत. मग आई वर गेली. नळ चालू राहिला होता, तो बंद केल्याचा आवाज आला.

शनिवार, १६

सगळे आमच्या खोलीत जमले. खुर्च्या पुरल्या नाहीत, दोघं पलंगावर बसले. आईनं सगळ्यांना चहा केला. आपल्यालाच काढायला आलेल्यांना चहा कसा करवतो, मला तर कप फेकावेसे वाटत होते.

काका म्हणाले, "फादरीणबाई, तुम्ही आमच्या आईसारख्या." ते आईपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे आहेत. "पाहणी होईपर्यंतचा प्रश्न आहे. बहिणीकडे जाऊन या. हवापालट."

"आणि पाहणी झाल्यावर?"

"मग बघू."

"कोण बघणार?"

काकूंनी टिल्लूला मांडीवर घेतलं, तो वळवळून उतरला. एक जण म्हणाला, फादरांना काढलं तर पोरांचे बाप्तिस्मे कोण करणार, आम्हाला पुरणार कोण. दुसरा म्हणाला, गाणं तर त्यांच्या गळ्यातच आहे. सगळे खरंच बोलत होते, तेच वाईट होतं. एकजणही वाईट असता तर बरं झालं असतं.

आई बाबांना म्हणाली, "तुम्ही बोला की."

बाबा म्हणाले, "तू म्हणशील तसं."

"मी म्हणेन तसं?"

"हो."

आईनं रिकामे कप गोळा केले. मला वाटतं तिला अजून काहीतरी ऐकायचं होतं, पण बाबांचं बोलून झालं होतं. मग ती म्हणाली, "मग जाते."

सगळ्यांचा श्वास सुटला. खरंच आवाज आला तसा. जाताना काकूंनी वाकून आईच्या हाताचा मुका घेतला, थोरल्यांच्या अंगठीचा घ्यायचे तसा. आई म्हणाली, "अहो, खरकटा आहे."

माझं असं ठरलं की मी मोठी आहे, तर ऑफिसची टायपिस्ट म्हणून राहायचं. खाली ऑफिसात झोपायचं. फक्त बाबांना बाबा म्हणायचं नाही. चर्चमध्ये तर मी फादर म्हणतेच. आता घरातही. काका म्हणाले, "आत्तापासूनच म्हण, म्हणजे ऐन वेळी जीभ घसरणार नाही." मी कधी बोलते का, की माझी जीभ घसरेल?

सोमवार, १८

आई आणि टिल्लू गेले. मावशीचं दुसऱ्या गावात इस्त्रीचं दुकान आहे, बसनं तीन तास लागतात. आईनं दोन आठवड्यांसाठी केवढं सामान घेतलं. स्वेटरं, टिल्लूचे दोन मापं मोठे बूट, शिवणाची कात्री. मी म्हटलं, अगं थंडीला अजून किती वेळ आहे. ती म्हणाली, असू दे, तिकडे लवकर पडते.

बाबा बसस्टॉपपर्यंत गेले नाहीत, कुणी बघेल म्हणून. जिन्यात उभे राहिले. टिल्लूनं विचारलं, "बाबा, तुम्हाला शिक्षा झालीये का?" बाबा म्हणाले, नाही रे. तो म्हणाला, "मग आम्हाला झालीये?"

आईनं मला बसस्टॉपवर सांगितलं, डाळ उतू जाते, तिच्याकडे बघत जा. एवढंच. बस लांब गेल्यावर मला आठवलं की मी तिला काहीच बोलले नव्हते.

गुरुवार, २१

फादर, जेवायला वाढू? फादर, टॉवेल इथे ठेवलाय. दिवसभर हेच. बाबा आधी दचकायचे, आता ओ देतात.

काकू येऊन खोल्या तपासून गेल्या. बाईचं काही राहायला नको. फणी, बांगड्यांचा डबा, मसाल्याच्या डब्यामागची टिकल्यांची पाकिटं, सगळं पिशवीत. भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढला, बाबांनीच काढला, आणि कपाटावर पालथा ठेवला. खिळा राहिला. नहाणीत केसांची पिन सापडली. काकू म्हणाल्या, "ही पण टाक." मी म्हटलं, माझी आहे. काकू म्हणाल्या, "मग तू तरी इथे कुठे राहतेस आता?" आणि एकदम तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. मला त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी सारखा विचार करते, शाळेतल्या त्या मुली खरंच बोलत असतील. मी नसते तर हे इतकं अवघड झालं नसतं. आई म्हणजे नुसती बायको, कुठेही जाऊ शकते. मी आणि टिल्लू म्हणजे पुरावे. डाळ आजही उतू गेली.

सोमवार, २५

पाहुणे फादर आले. मला वाटलं होतं कुणीतरी उंच, काळा चष्मा लावलेला. आले ते गोल, घामाघूम, हातात फाटकी बॅग आणि बुटाची नाडी सुटलेली. आल्या आल्या काकांना म्हणाले, "घड्याळ बंद पडलंय हो माझं, कुणी ओळखीचं आहे का दुरुस्त करणारं?" काकांनी नुसतं स्वतःकडे बोट केलं.

मग म्हणाले, "बॅग कुठे टाकू?" बाबांनी त्यांना वर आमच्या खोलीत नेलं. ते म्हणाले, "अहो, तुमच्या खोलीत कशाला? मी बिशपांच्या घरात राहतो ना. फोनवर सांगितलं होतं आमच्या लोकांनी, घर मोकळं करून ठेवा म्हणून."

काका म्हणाले, "बिशपांचं घर?"

"मग कुणाचं?" ते हसले. "आमच्याकडे सगळे तेच म्हणतात, घर. बिशपांचं घर म्हणजे घर."

थोरल्यांची खोली तर तशीच होती, औषधांच्या बाटल्या, पुस्तकं, व्हीलचेअर, सगळं. पाहुण्यांनी स्वतः बाह्या वर करून सामान बाजूला लावलं. काका त्यांच्याबरोबर खोके उचलत होते. काका गप्प, असं मी जन्मात बघितलं नव्हतं.

मग सगळे वर आमच्या खोलीत बसले, मी चहा घेऊन गेले. पाहुणे म्हणत होते, "आमच्या बिशपांनी मला मुद्दाम सांगून पाठवलंय, त्यांच्या पद्धतीला धक्का लावायचा नाही. आणि फादरांच्या मिसेसना भेटून ये म्हणाले. तुमच्याकडे त्यांना काहीतरी खास शब्द आहे ना?"

काका म्हणाले, "फादरीण."

"वा! कुठेत त्या?"

बाबा बशीकडे बघत होते. पाहुण्यांनी इकडे तिकडे बघितलं. दोरीवर फक्त पुरुषाचे कपडे. भिंतीवर खिळा. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "गेल्या का?"

बाबा म्हणाले, "गेल्या."

पाहुण्यांनी क्रूसाची खूण केली आणि बाबांच्या हातावर हात ठेवला. "मला कुणी बोललंच नाही. क्षमा करा, फादर."

मी कपबश्या उचलल्या. बाबा खोटं बोलले नाहीत, आई गेलीच आहे. मग त्यांनी क्रूसाची खूण का केली, हे मला जिना उतरताना कळलं. आणि एक बशी फुटली.

नंतर काकांनी बाबांना अंगणात धरलं. "फादर, सांगून टाका. आत्ताच्या आत्ता."

"काय सांगू? ऐकण्यात चूक झाली म्हणून बायकोला घालवली? आणि मग तिला मारली?"

"तुम्ही नुसतं गेल्या म्हणालात."

"हो ना. मी काही खोटं बोललो नाही," बाबा म्हणाले. आणि तिथेच पायरीवर बसले.

मंगळवार, २६

आज मिस्सेला सगळे आले. पाहुण्यांना मागे बसवायचं कसं, म्हणून वेदीजवळ खुर्ची दिली. त्यांना आमची भाषा येत नाही, तरी डोळे मिटून ऐकत होते. एकदा डोळेही पुसले. शेवटी त्यांनी विचारलं, दोन शब्द बोलू का? उभे राहिले आणि म्हणाले, असं गाणं मी कधी ऐकलं नाही, हे टिकलं पाहिजे, मी तसं कळवणार आहे. लोक एकमेकांचे हात दाबायला लागले. मग ते म्हणाले, "आणि एक प्रार्थना, तुमच्या फादरांच्या दिवंगत पत्नीसाठी. देव त्यांच्या आत्म्याला चिरशांती देवो."

चर्च भरलेलं होतं. आईनं ज्यांच्या बाळंतपणात रात्री काढल्या त्या बायका होत्या. आईकडून ज्यांनी पडदे शिवून घेतले ते होते. कुणी तरी ओरडेल असं मला वाटलं. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि मग सगळे म्हणाले, आमेन.

मीपण म्हणाले. सवयीनं निघालं. प्रार्थना संपली की निघतं.

गुरुवार, २८

बाबा आणि मी आईकडे गेलो. बसमध्ये बाबा आनंदात होते, म्हणजे तसं दाखवत होते. म्हणाले, "चूकच झाली होती, आता काय अडचण आहे? संध्याकाळच्या बसनं चौघं परत."

मावशीच्या दुकानात आई इस्त्री करत होती. टिल्लू टेबलाखाली हँगरचा ट्रक करून खेळत होता. आईनं आमच्याकडे बघितलं आणि हातातला शर्ट पूर्ण केला. कॉलर, बाह्या, घडी. तिला सगळं आधीच कळलेलं होतं, काकूंनी रडत रडत फोन केला होता.

"माझ्यासाठी प्रार्थना केलीत म्हणे," ती मला म्हणाली. "गर्दी होती का बऱ्यापैकी?"

मी मान हलवली.

"बघ. जिवंतपणी बसायला बोलवलं तर निम्मे यायचे नाहीत."

मावशी फसकन हसली आणि मागे निघून गेली.

बाबा म्हणाले, "घरी चल. त्यांनी तसं सांगितलंच नव्हतं. त्यांना थोरल्यांची खोली म्हणायची होती."

"कळलं मला."

"मग?"

"त्यांनी सांगितलं नव्हतं, तर मग मला काढलं कुणी?"

मी म्हटलं, "कुणीच नाही गं. ऐकण्यात चूक झाली." मला वाटलं मी बाबांची बाजू सावरतेय.

आई म्हणाली, "तेच तर." आणि दुसरा शर्ट घेतला. बाबा भिंतीला टेकले. त्यांना घाम आला होता, दुकानात वाफ खूप असते.

मग ती हळू बोलली, भांडल्यासारखं नाही. "पोरगी फोन करते म्हणाली होती. जिला वर्गात हजेरी देता येत नाही ती म्हणाली. तुम्ही नको म्हणालात."

"मी घाबरलो होतो."

"मीपण घाबरले होते. मी तुमच्याकडे बघत होते."

बाबा म्हणाले, "आता काय करू ते सांग."

"आता मी मेलेय. मेलेली बाई दारातून आत येऊन पोळ्या लाटायला लागली तर टिल्लूला काय सांगायचं? आधी त्यांना सांगा मी जिवंत आहे म्हणून. मग येते."

बाबा म्हणाले, सांगतो. तिनं आम्हाला जेवायला घातलं. निघताना बाबांच्या शर्टाची सुरकुतलेली बाही बघितली आणि अंगावर असतानाच हातानं सारखी केली. मला वाटलं, झालं, मिटलं.

शनिवार, ३०

बाबांनी फोन केला. पाहुणे फादर प्रार्थनेला गेले होते. बाबा म्हणाले, उद्या करू.

मंगळवार, ३

काल पाहुण्यांचाच फोन आला. मी उचलला. येत्या रविवारी ते परत येतायत, निर्णय स्वतः वाचून दाखवणार आहेत. चांगलाच आहे म्हणाले. बाबा फादर राहणार, पद्धत राहणार, गाणं राहणार. मी बाबांकडे फोन धरला, बाबांनी हातानं नको अशी खूण केली.

काका म्हणाले, "रविवार होऊन जाऊ दे. सही झाल्यावर सांगू." तेच बाबांनाही वाटत होतं, मला दिसलं. मी जेवले नाही. त्यांच्याही लक्षात आलं नाही.

आज मी बाबांना बाबा म्हणाले. पाहुणे नाहीत, काका नाहीत, कुणी नाही. त्यांनी वळून बघितलं नाही. ऐकूच गेलं नसेल.

रविवार, ८

लिहिते. चुका असू देत.

चर्च भरलं होतं. पाहुणे फादर पुढच्या खुर्चीत, हातात लिफाफा. बाबा छान गात होते, इतकं छान की मला राग आला. आमच्याकडे ख्रिस्तप्रसाद देताना फादर प्रत्येकाचं नाव घेतात. देवाची दासी अमुक, देवाचा दास तमुक, असं. नाव घेतल्याशिवाय देत नाहीत. रांग लागली. मी रांगेत होते आणि मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्या पुढे आलं. साबणाचा आणि इस्त्रीचा वास. आई. टिल्लूचा हात धरून.

रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली. काका पहिल्या बाकावरून उठले आणि परत बसले. आई सरळ चालत गेली आणि बाबांसमोर उभी राहिली. निळी साडी, रोजचीच.

बाबा म्हणाले, "देवाची दासी." आणि थांबले.

बाबा घरात आईला कधी नावानं हाक मारत नाहीत. अगं म्हणतात. पण इथे तर दर रविवारी घ्यायचे, सगळ्यांसारखंच. आज येईना. त्यांनी हातातला प्याला छातीशी धरला. पाहुण्यांनी डोळे मिटलेले होते. आई वाट बघत राहिली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. ती त्यांना मदत केल्यासारखी बघत होती, टिल्लूला बूट घालता येतात का हे बघते तशी.

मग बाबांनी आईचं नाव घेतलं.

मी ऐकलं. मी तिच्या मागेच होते. आईनं प्रसाद घेतला, मग टिल्लूनं घेतला, मग माझी पाळी आली. बाबा रडत होते. पाहुण्यांनी डोळे उघडले, बाबांच्या डोळ्यातलं पाणी बघितलं, आणि दिवंगत पत्नीची आठवण आली असेल असं वाटल्यासारखी मान हलवली. निर्णय वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये आम्ही टाळ्या वाजवत नाही, पण वाजवल्या.

आई आधीच बाहेर गेली होती. मी धावत गेले. ती फाटकाशी टिल्लूच्या शर्टाची बटणं लावत होती.

मी म्हटलं, "आई, बाबांनी नाव घेतलं. मी ऐकलं. आता चल ना वर."

ती म्हणाली, "तू ऐकलंस?"

"हो. नीट."

"शेवटच्या बाकापर्यंत गेलं असेल?"

मी विचार केला. खोटं बोलणार होते. पण ती माझ्याकडेच बघत होती. म्हटलं, "नाही."

"त्या खुर्चीपर्यंत?"

"नाही."

"मग नाही," आई म्हणाली. माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली, तुझी गादी टाकून ठेवते, तुला वाटेल तेव्हा ये. आणि रस्ता ओलांडून बसस्टॉपकडे गेली.

मला काही कळत नाही. नाव घेतलं ना त्यांनी? मग हळू काय आणि मोठ्यानं काय. बाबा अजून आत आहेत, प्याला धुतायत. मघापासून धुतायत. मी दोनदा जाऊन आले, पाण्याचा आवाज येतोय. पाहुणे थोरल्यांच्या खोलीत झोपलेत, उद्या सकाळी जाणार आहेत. म्हणजे त्यांना सांगायला बाबांना आजची संध्याकाळ आहे अजून.

ऑफिसच्या खिडकीतून समोरची इमारत दिसते, तिची नवी लिफ्ट आज सुरू झाली. सगळे उगाचच वर-खाली करतायत.